रेड्यापुढे गाणं

फिलिपिन्समधल्या रेड्याइतका निवांत प्राणी मी दुसरा पाहिला नाही. तियाओंगच्या व्हिला एस्कुदेरोत शिरलं की पाहुण्यांना आत न्यायला त्याची गाडी येते. लांबट, छपराची गाडी, दोन्ही बाजूंना बाकं, पुढे एकटा काराबाव, म्हणजे इथला रेडा. तो चिखलातल्या जातीचा, पसरट शिंगांचा. गाडीतच एक गिटारवाला आणि एक गाणारी बाई. ती गाते, तो वाजवतो, रेडा चालतो आणि तिघांपैकी कोणालाच कुठे पोचायचं नसतं. आपल्या पैठणच्या रेड्याला वेद म्हणावे लागले होते; इथल्याने ते कष्ट माणसांवर सोपवलेत. आईने मान वाकडी करून त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "याच्यावर यम बसवला तर दोघंही झोपतील."

धाकटा भाऊ लॉस बान्योसच्या भात संशोधन संस्थेत आहे. आयआर-८ हे बुटकं, भरघोस वाण तिथूनच १९६६ साली बाहेर पडलं आणि आपल्याकडच्या खाचरांपर्यंत पोचलं. तिथून व्हिला एस्कुदेरो फार लांब नाही, आणि वहिनीच्या मते मुलांनी राहत्या देशाचं मॉलपलीकडचं काही पाहायलाच हवं होतं. म्हणून शनिवार-रविवार गाठून आम्ही निघालो. आई, भाऊ, वहिनी, दोन भाचरं आणि सुट्टीला आलेली मी.

ही जागा मनिलाच्या दक्षिणेला, लागुना आणि केसोन या प्रांतांच्या शिवेवर. १८८०च्या दशकात प्लासिदो एस्कुदेरो आणि त्यांची पत्नी क्लाउदिया मारासिगान यांनी इथे उसाचे मळे केले. पुढे मुलाने, आर्सेनियोने, ऊस काढून माड लावले, नदीला बांध घालून वीज केली आणि त्या विजेवर खोबऱ्याच्या किसाचा कारखाना चालवला. १९८१पासून या बागायतीचा एक भाग पाहुण्यांसाठी खुला झाला. सगळी मिळून जमीन सुमारे ८०० हेक्टर. कोकणात चार माडांवरून भाऊबंदकीचे खटले तीन पिढ्या चालतात, त्यामुळे हा आकडा ऐकून आई थोडा वेळ बोललीच नाही.

दुपारचं जेवण लाबासिनच्या पाण्यात. म्हणायला धबधबा, खरं तर तो आर्सेनियोच्या बांधाचा सांडवा. भिंतीवरून पाणी पांढऱ्या पडद्याने कोसळतं, आणि त्याच्या पुढ्यात, घोटाभर वाहत्या पाण्यात बांबूची टेबलं मांडलेली. चपला काठावर काढायच्या, ताट घेऊन पाण्यातून चालत यायचं आणि हाताने जेवायचं. पाणी गार असतं, पहिल्या घासाला दचकायला होतं, आणि मग पाय वर घ्यावेसेच वाटत नाहीत. भाच्याने अदोबोवर ताव मारला. कोंबडी व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, मिरे आणि तमालपत्रात मुरवून आटवलेली. आंबट, काळसर, भाताबरोबर फार छान. वहिनी चिंचेच्या आंबट सिनिगांगवर खूश होती.

अडचण शाकाहारी आईची. या देशात मासळीचा वास लावल्याशिवाय भाजीसुद्धा होत नाही. नारळाच्या दुधातला भोपळा आणि चवळीच्या शेंगा पाहून तिचा चेहरा उजळला, तेवढ्यात त्यात कोळंबी दिसली. शेवटी भात, आंबा आणि सुमान यांवर तिने दुपार काढली. सुमान म्हणजे पानात गुंडाळून शिजवलेला चिकट तांदूळ. तिने पान उलगडलं, वास घेतला आणि "पातोळ्यांची धाकटी बहीण" म्हणून प्रकरण निकालात काढलं.

जेवणानंतर संग्रहालय. गुलाबी, चर्चसारखी इमारत. आत संतांच्या मूर्ती, चांदीने मढवलेली वेदी, नाणी, शिंपले, लष्करी पोशाख, पेंढा भरलेले पशुपक्षी. घरातल्या एकदोन पिढ्यांनी जे जे आवडलं ते ते आणून ठेवलं, असं हे सगळं. मूर्तींचं काम सुरेख आहे, पण त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर पेंढ्याचा वाघ उभा असला की भक्ती आणि शिकार यांची गल्लत होते. मला तिथे फार वेळ थांबवेना. शिवाय जे पाहायचं होतं ते तिथे नव्हतंच. माड कोण उतरवतो, खोबरं कोण वाळवतो, हे.

ते बाहेर विचारावं लागतं. या भागात पाडेली माडावर चढत नाही. एकात एक जोडलेल्या बांबूंच्या लांबलचक काठीला टोकाशी कोयता बांधतात आणि खाली उभं राहून, मान मोडेस्तोवर वर बघत नारळ उतरवतात. चढतो तो माडी काढणारा. केसोन प्रांतात तो दर वेळी खाली उतरतही नाही. एका माडाच्या शेंड्यापासून दुसऱ्यापर्यंत बांबू टाकलेले असतात, त्यांवरून तो आभाळातल्या आभाळात चालत जातो. ती माडी गाळून लांबानोग नावाची कडक दारू होते. गोव्यातल्या माडाच्या फेणीचंच हे पूर्वेकडचं घराणं.

नारळ पिकवणाऱ्यांची आणखी एक गोष्ट इथल्या भिंतींवर नाही. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांच्या काळात, १९७३पासून सुमारे दहा वर्षं, त्यांच्याकडून खोबऱ्याच्या विक्रीवर पट्टी वसूल झाली. शेतकऱ्यांच्या भल्यासाठी म्हणून. त्या पैशातून बँक आणि बड्या कंपनीचे समभाग घेतले गेले, आणि शेतकरी कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१२ साली आला, त्या पैशासाठी विश्वस्त निधीचा कायदा व्हायला २०२१ उजाडलं. पट्टी भरलेल्यांपैकी कितीतरी जण तोवर गेले होते.

हे मनात घोळत असताना मी नाचाच्या मंडपात गेले, थोडी कुरकुरतच. पाहुण्यांसाठी बसवलेल्या लोकनृत्यांबद्दल मला अढी आहे. तीच नकली फुलं, तेच ठेवणीतलं हसू. इथे ती अढी तिनिक्लिंगने मोडली. दोघं जमिनीवर बसून दोन बांबू दोनदा खाली आपटतात, तिसऱ्या ठोक्याला एकमेकांवर. त्या फटीतून नाचणारा पाय घालतो आणि काढतो. चाल भातखाचरातल्या लांब पायांच्या तिकलिंग पक्ष्याची. लय वाढत जाते आणि बघणारे आपापले घोटे आखडून घेतात. चुकलं तर खरोखर लागतं; तिथे ठेवणीतल्या हसण्याला वाव नाही. मग दिव्यांचा पांदांग्गो आला, मिंदोरोकडचा. डोक्यावर एक दिवा, दोन्ही हातांवर एकेक, आणि अंग गिरकी घेतंय.

हा कार्यक्रम रामोन ओबुसान यांनी बसवलेला. गावोगाव फिरून नाच टिपून ठेवणारा हा माणूस. २००६ साली त्यांना राष्ट्रीय कलाकाराचा मान मिळाला आणि त्याच वर्षी ते गेले. त्यांच्या आधी फ्रान्सिस्का रेयेस आकिनो यांनी १९२०च्या दशकापासून हेच केलं होतं. मंचावर नाचणारी मंडळी बागायतीतल्याच घरांतली, कामगार आणि त्यांची मुलं. भाच्याने एकाला ओळखलं. दुपारी तो आमच्या टेबलाशी भात वाढत होता.

आणि प्रेक्षक? मला वाटलं होतं परदेशी पर्यटक असतील. बहुतेक फिलिपिनोच होते, तीन-तीन पिढ्यांची कुटुंबं. दुबईहून, कॅनडाहून, कॅलिफोर्नियाहून सुट्टीला आलेले आईबाप, इंग्रजीत कुरकुरणारी मुलं आणि त्यांना कोपराने ढोसून "बघ, बघ" म्हणणारी आजी. शेजारच्या बाकावरच्या एका मुलाला त्याच्या आजीने हळूच काही सांगितलं. तो उठला, आमच्या आईसमोर आला आणि तिचा हात घेऊन आपल्या कपाळाला लावला. वडीलधाऱ्यांना इथे असा नमस्कार करतात. आईला रीत ठाऊक नव्हती, पण "औक्षवंत हो" हे तिच्या तोंडून आपोआप गेलं. मग तिने भाच्याकडे पाहिलं. त्यानेही निमूट उठून त्या आजीचा हात कपाळाला लावला. घरी वाकून नमस्कार करायला सांगितलं की ज्याला पाठदुखी होते, तो हाच.

गणपतीत मनिलातल्या मराठी मंडळींसमोर हा भाचा लेझीम खेळतो. त्याला तेव्हाही असंच ढोसावं लागतं. म्हणून मंडपातल्या त्या कुरकुरणाऱ्या मुलांचं मला हसू आलं नाही. संग्रहालय सोडून दिलंत तरी चालेल, नाच मात्र सोडू नका, असं माझं मत झालं.

जाणार असाल तर पावसाळा टाळा. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते. चटकन काढता येतील अशा चपला घाला. शाकाहारी असाल तर कोळंबीबद्दल आधी विचारून घ्या, आणि परतताना लॉस बान्योसला शहाळ्याच्या खोबऱ्याचा गरम पाय (इंग्रजीतला 'pie') घ्यायला विसरू नका. तो आईनेही दोनदा मागून खाल्ला.