दारं बघायला अलिबागला!

वीकेंडला अलिबाग म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? बीच, सुरमईची थाळी आणि गेटवेहून सुटणारी बोट. पण पुढच्या ट्रिपला एक वेगळीच गोष्ट बघा. घरांची दारं! मी सध्या तेच करतेय. आमच्या चौलच्या घराचं पुढचं दार बदलायचंय. दार सागवानी, भक्कम. पण पावसाळ्यात असं फुगतं, की सत्तरीच्या बाबांना खांदा लावून ढकलावं लागतं.

दारं बघायची तर पावसाळ्यातच. गेटवेच्या बोटी तेव्हा बंद असतात, पण 2020 पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो जाते, अगदी गाडीसकट. मग अलिबागहून आक्षी, नागाव, चौल करत रेवदंड्यापर्यंत जा. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या आणि मधूनमधून घरं. खारा वारा काय करतो, ते इथे आयतं दिसतं. लोखंडी दारं बिजागऱ्यांपाशी गंजलेली. लाकडी दारं टिकलीत ती पडवीच्या आडोशाला. नव्या बंगल्यांना पडवीच नाही, पाऊस थेट दारावर! तिथे ॲल्युमिनियम कामाला येतं.

हवा लागली की या धातूवर ऑक्साइडचा पातळ थर धरतो. तेच त्याचं चिलखत. तो फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश. म्हणजे आईलाही दार एका हाताने उघडता येईल. पण ‘ॲल्युमिनियमला काहीच होत नाही’ हेही खरं नाही हं! मीठ साचत राहिलं की त्यावर पांढरे डाग आणि बारीक खड्डे पडतात. म्हणून ऑर्डर देण्याआधी एवढं बघाच :

सेक्शन : कापलेला तुकडा हातात घेऊन जाडी बघा. खिडकीचा पातळ सेक्शन दाराला लावला, तर दार लचकतं.

कोटिंग : पावडर कोटिंग किमान 60 मायक्रॉन. ॲनोडायझिंग हवं असेल तर समुद्राजवळ 25 मायक्रॉन. कोटेशनमध्ये लिहून घ्या.

स्क्रू, बिजागऱ्या : स्टेनलेस स्टीलच्याच. साधा लोखंडी स्क्रू खाऱ्या ओलाव्यात स्वतः गंजतो आणि भोवतालचं ॲल्युमिनियमही खातो.

बसवताना : फ्रेमला टेप लावून घ्या. ओलं सिमेंट ॲल्युमिनियमला चालत नाही.

ऊन : पश्चिमेचं दार चांगलंच तापतं. बजेट असेल तर थर्मल ब्रेकचा सेक्शन विचारा.

निगा : अधूनमधून गोड्या पाण्याने पुसा. बास!

एवढं सगळं ठरलं आणि आईने विचारलं, “पण दार बंद कशाला ठेवायचं?” तिचंही बरोबर. आमच्याकडे दिवसभर दार उघडंच असतं. शेजारच्या काकू अंगणातूनच हाक मारतात. सपाट, बंद पत्र्याचं दार म्हणजे गावात फ्लॅट आणल्यासारखं! मग फॅब्रिकेटरकडून दोन भागांचं डिझाईन काढून घेतलं. खालचा भाग बंद, वरचा वेगळा उघडणारा, आत जाळी. खर्च थोडा वाढला, पण आई खूश.

तुम्हीही घर घेताय? मग शोरूमला नंतर जा. आधी आपल्याच परिसरातली दहा-दहा वर्षं जुनी दारं बघून या. कॅटलॉगमधलं दार नवं असतं. गल्लीतल्या दाराने पावसाळे काढलेले असतात.