जिताड्याशी वीकेंड डेट

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधला अर्धा क्राऊड लोणावळ्याचे प्लॅन करत होता. मी मात्र चार तुकड्यांची एक लांबलचक काठी बॅगेत कोंबत होते. ‘योगाचं काही आहे का?’ शेजारच्या डेस्कवरून प्रश्न आला. म्हटलं, नाही बाबा, मासे पकडायला चाललेय. आणि तेही माशी लावून!

फ्लाय फिशिंग हा प्रकार आपण पाहिलेला असतो तो हॉलिवूडच्या सिनेमांत. थंडगार नदी, गुडघाभर पाण्यात उभा राहिलेला गोरा हीरो. पण हाच खेळ खाऱ्या पाण्यातही खेळतात, आणि आपल्या कोकणच्या खाड्या त्यासाठी झकास आहेत, असं माझ्या एका जुन्या कलीगचं म्हणणं. क्वीन्सलँडला ऑनसाईट असताना त्याला हे वेड लागलं. परत आला तो लॅपटॉपच्या बॅगेबरोबर दोन फ्लाय रॉड घेऊनच.

आमचं ठिकाण ठरलं बाणकोटची खाडी. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री इथे समुद्राला मिळते. उत्तरेला हरिहरेश्वर, दक्षिणेला बाणकोटचा किल्ला. हाच हिम्मतगड, ज्याचं इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया करून टाकलं. आपण माणगाव-म्हसळामार्गे बागमांडल्याला पोचायचं, गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि पलीकडे वेसवीला उतरायचं. त्या पंधरा मिनिटांतच डेडलाईन वगैरे शब्द डोक्यातून धुऊन निघतात.

होडीवाले काका साठीच्या पुढचे. त्यांनी आधी माझ्या मोबाईलमधलं भरतीचं अ‍ॅप पाहिलं आणि हसले. ‘ताई, आज तिथी कुठली?’ मला कुठे ठाऊक! ‘सप्तमी. सात पाऊणे सव्वापाच. पहाटे सव्वापाचला पाणी भरलेलं असणार.’ अ‍ॅपमध्ये जवळपास तीच वेळ! तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशोब. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगेचं पाणी हळू चालतं, पण गढूळ कमी असतं. आणि माशाला आमची ‘माशी’ दिसायची तर पाणी निवळ हवंच.

तर या माशीबद्दल. फ्लाय म्हणजे माशी खरी, पण खाऱ्या पाण्यातली फ्लाय माशीसारखी नसतेच. हुकाला केस, चमकी आणि धातूचे दोन डोळे बांधून केलेला तो छोटा मासा असतो. म्हणजे माशीच्या नावाखाली माशाला मासाच दाखवायचा! आमच्या हुकावर होता क्लाऊजर मिनो, अमेरिकेच्या बॉब क्लाऊजरने 1980च्या दशकात बांधलेला.

दुसरी गंमत फेकण्याची. साध्या गळाला वजन असतं, ते दोरीला ओढत नेतं. इथे फ्लाय पिसासारखी हलकी, म्हणून वजन दोरीतच असतं. रॉड घड्याळाच्या दहा आणि दोनच्या मध्ये पुढे-मागे न्यायचा, मागे दोरी पूर्ण सुटेपर्यंत थांबायचं आणि मग पुढे. ऐकायला सोपं आहे. शनिवारी सकाळी मी तीन वेळा तिवराची फांदी पकडली, एकदा स्वतःची टोपी आणि एकदा कलीगची कॉलर. दहाच्या पुढे वारा फिरला. शाळेत भूगोलात पाठ केलेले मतलई वारे आणि खारे वारे आठवतात? पहाटे जमिनीवरून वाहणारा मतलई संपला आणि समुद्राकडून खारा वारा सुरू झाला, की दोरी थेट तोंडावर येते. पहिल्या दिवसाचा स्कोअर: शून्य.

रविवारी अष्टमी. आठ पाऊणे सहा. उजाडताना ओहोटी लागली, तशी काकांनी होडी कांदळवनातल्या एका अरुंद फाट्याच्या तोंडाशी लावली. इंजिन बंद. भरतीला झाडांच्या मुळांत शिरलेली बोय आणि कोळंबी पाण्याबरोबर बाहेर येते, आणि जिताडा तोंडाशीच दबा धरून बसतो. हा आपला जिताडा, गोव्यातला चोणक, बंगालातली भेटकी आणि ऑस्ट्रेलियातला बारामुंडी. चौघेही एकच बरं का!

सातवी की आठवी फेक असेल. फ्लाय मुळांच्या कडेला पडली. डाव्या हाताने दोरी झटक्याझटक्याने ओढत होते आणि अचानक कोणीतरी पलीकडून ओढली. ‘रॉड उचलू नकोस, दोरी खेच!’ कलीग ओरडला. पाणी फुटलं, एक चांदीचा तुकडा हवेत उडाला आणि डोकं झटकून पुन्हा आत गेला. पुढची पाच मिनिटं मला माझं नावही आठवत नव्हतं.

दोनेक किलोचा असेल. कल्ल्याची कड ब्लेडसारखी, म्हणून हात लांब ठेवून जाळीत घेतला. हुकाचा काटा आधीच दाबून टाकलेला, तो सहज सुटला. फोटो काढला. मग नियमाप्रमाणे मी माशाला प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरलं. शेपूट हलली आणि तो गेला.

काका काहीच बोलले नाहीत. बराच वेळ. मग म्हणाले, ‘ताई, सोडायचाच होता तर धरलात कशाला? आमच्या घरी याच्यात दोन दिवसांचा बाजार येतो.’

काय उत्तर देणार? ‘कॅच अँड रिलीज’ हे शब्द त्या होडीत फारच गुळगुळीत वाटले. आम्ही काकांना भाडं विचारलं होतं, वेळ विचारली होती. मासा मिळाला तर त्याचं काय करायचं, हे मात्र आमचं आम्हीच ठरवलं होतं. ज्याला मी खेळ म्हणत होते, ते त्यांचं पोट होतं.

परतताना कलीगने बाजू मांडून पाहिली. जिताडा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाला की मादी होतो. म्हणजे मोठा मासा मारला की पुढची पिढीच मारली. काका म्हणाले, ‘मोठ्या जिताड्यातच गाभोळी मिळते, हे आमच्या बायकांना विचारा. मासा त्याच कापतात.’ म्हणजे जे आम्ही सायन्स म्हणून सांगत होतो, ते त्यांच्या विळीवर कधीचंच सिद्ध झालेलं! मग आमच्या हातून सुटला तो तर नरच असणार की, असंही ते वर म्हणाले. आम्ही दोघं गप्प.

वेसवीला उतरताना तह झाला. पुढच्या खेपेला मध्यम आकाराचा मासा मिळाला तर पहिला काकांच्या घरी. मोठी मादी मिळाली तर ती पाण्यात, आणि ती काका स्वतःच्या हाताने सोडणार. ‘मिळू दे तर आधी,’ काका म्हणाले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

जायचंय?
पावसाळा सोडून जा. आठ किंवा नऊ वेटचा नऊ फुटी रॉड, जाड लीडर, टोपी आणि गॉगल मस्ट. फ्लाय डोळ्यात जाऊ शकते. लाईफ जॅकेट घाला. तिवराच्या फांद्या तोडू नका, तुटलेली दोरी परत आणा. माणगाव हे कोकण रेल्वेचं सोयीचं स्टेशन. आणि हो, निघण्यापूर्वी कालनिर्णय बघा. सुट्टी कधी आहे म्हणून नाही, तिथी कुठली आहे म्हणून!