एल्गिनचें रुग्णालय

उत्तर स्कॉटलंडांतील एल्गिन गांवीं हमरस्त्याच्या पश्चिम टोकास घुमटाची एक भव्य इमारत आम्हीं पाहिली. तेंच डॉक्टर ग्रे यांचें रुग्णालय. ईस्ट इंडिया कंपनीच्या या शल्यवैद्यानें मृत्युपत्रानें आपलें धन मोरे परगण्यांतील गोरगरीब रुग्णांसाठीं ठेविलें. १८१९ सालीं रुग्णालय उघडलें. तें धन हिंदुस्थानांतील चाकरीचें, हें ऐकून आमच्या मनांत समाधान व विषाद दोन्ही दाटून आलीं.

१९४८ पासून तें सरकारी आरोग्यसेवेंत आहे. २०१८ सालीं डॉक्टरांच्या तुटवड्यामुळें येथील प्रसूतिसेवा आंखडली आणि अनेक गर्भवतींना सुमारें ६५ मैलांवरील अ‍ॅबर्डीन गांठावें लागलें. जिल्ह्याच्या रुग्णालयाचें मोल खाटांच्या संख्येवरून जोखूं नये. तें नसतां वेणा सुरू झालेल्या लेकीसुनेस किती दूर जावें लागतें, यावरून जोखावें.