वकीलबाई आणि आपल्या गावाचा कागद

वकील आणि पुढारी, या दोघांविषयी चावडीवर चांगले बोलणारा माणूस सहसा भेटत नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे म्हणत आपल्या वडीलधाऱ्यांनी जन्म काढला. आणि पुढाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको. मग जी बाई आधी वकील झाली आणि मागून पुढारी झाली, तिची हकीगत शेतकऱ्याच्या घरात कशासाठी वाचायची? एवढ्यासाठी, की दूर मद्रासकडच्या या बाईंच्या हाताखालून आपल्या सह्याद्रीतल्या शेकडो गावांचा कागद गेला आहे.

बाईंचे नाव जयंती नटराजन. जन्म मद्रासचा, १९५४ सालचा. १९६३ ते १९६७ या काळात त्या राज्याचे मुख्यमंत्री असलेले काँग्रेसचे एम. भक्तवत्सलम यांच्या त्या नात. आजोबाही मुळात वकीलच, स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगात गेलेले. नात कायदा शिकली आणि मद्रासच्या हायकोर्टात वकिली करू लागली. पैशाच्या कामांबरोबर गरजू बायकांची कामे फुकटही केली. १९८६ साली त्या राज्यसभेत गेल्या. राज्यसभा म्हणजे आपण मत टाकून भरतो ती सभा नव्हे. तिथली माणसे आमदार निवडून पाठवतात. १९९६ साली पक्षाने जयललितांशी युती केली, तेव्हा मूपनार यांनी वेगळी चूल मांडली. जयंतीबाई त्यांच्याबरोबर गेल्या आणि १९९७ साली केंद्रात राज्यमंत्री झाल्या. पुढे २००२ मध्ये तो पक्ष काँग्रेसमध्ये मिसळला आणि बाईही परत आल्या.

इथवरची हकीगत कुठल्याही पुढाऱ्याची असते तशीच आहे. पण पुढची दोन कामे नीट पाहण्यासारखी आहेत.

पहिले काम बायकांच्या राखीव जागांचे. लोकसभेत आणि विधानसभांत तिसरा हिस्सा जागा बायकांसाठी ठेवण्याचे विधेयक २००८ साली राज्यसभेत आले आणि तपासणीसाठी संसदेच्या समितीकडे गेले. त्या समितीच्या अध्यक्ष जयंतीबाई होत्या. समितीने निवेदने मागवली, निरनिराळ्या पक्षांचे म्हणणे ऐकले, विरोध करणाऱ्या सभासदांची मतेही नोंदवली, आणि डिसेंबर २००९ मध्ये सांगितले की हे विधेयक मंजूर करावे. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेने ते १८६ विरुद्ध १ मतांनी मंजूर केले. लोकसभेत ते अडले ते अडलेच. शेवटी २०२३ साली नव्या विधेयकाने तसा कायदा झाला, आणि त्यातही अंमल जनगणना व मतदारसंघांची फेररचना झाल्यावर, असे लिहून ठेवले. आपल्याकडे ग्रामपंचायतीत १९९३ पासून तिसरा हिस्सा आणि २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. म्हणजे दिल्लीला जे जड गेले ते गावाने आधीच करून दाखवले होते. तरीही समितीचे ते काम चांगल्या वकिलाला शोभणारे होते: सगळ्यांचे ऐकायचे, विरोध लपवायचा नाही, आणि निष्कर्ष कारणांसह कागदावर मांडायचा.

दुसरे काम आपल्या अंगणातले. जुलै २०११ मध्ये बाई केंद्रात पर्यावरण व वन खात्याच्या मंत्री झाल्या. ऑगस्ट संपता संपता पुण्याचे शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या समितीने पश्चिम घाटाचा अहवाल त्या खात्याला दिला. तापीच्या काठापासून कन्याकुमारीपर्यंतचा सगळा डोंगर त्यात होता. कुठे खाण नको, कुठे धरण नको, कुठे रासायनिक औषधे हळूहळू बंद करावीत, असे तालुकावार मांडले होते. आणि मुख्य म्हणजे, हे वरून लादू नका, ग्रामसभांना विचारा, असा त्याचा सूर होता.

तो अहवाल खात्याने लोकांपुढे ठेवला नाही. केरळातल्या एका नागरिकाने माहितीच्या अधिकाराखाली मागितला, तर नकार मिळाला. अहवाल अजून विचाराधीन आहे, उघड केला तर आर्थिक हिताला बाधा येईल, असे कारण दिले. एप्रिल २०१२ मध्ये माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी तो खुला करण्याचा हुकूम दिला. खाते त्याविरुद्ध दिल्लीच्या हायकोर्टात गेले आणि मे महिन्यात तिथेही हरले. तेव्हा कुठे अहवाल बाहेर आला, तोही इंग्रजीत, शेकडो पानांचा.

मी बांधाच्या एका दाव्यापायी तालुक्याच्या कोर्टात बरीच वर्षे खेपा घातल्या. तिथे मला दोन तऱ्हेचे वकील दिसले. एक, कागद घेऊन पिशवीत घालणारा आणि ‘तुम्ही काळजी करू नका’ म्हणणारा. दुसरा, पक्षकाराला बाकावर बसवून कागद वाचून दाखवणारा, आणि ‘इथे तुमचे नाव आहे, याचा अर्थ असा’ म्हणून सांगणारा. पहिल्याच्या हातून दावा जिंकला तरी माणूस आंधळाच राहतो. जयंतीबाईंच्या खात्याने आपल्याशी पहिल्या वकिलासारखे वागावे, याचे मला वाईट वाटले. कायदा शिकलेल्या माणसाला कागदाची किंमत कुणी सांगावी लागत नाही.

पुढे कस्तुरीरंगन यांची दुसरी समिती आली. तिने घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला. सहा राज्यांतली ४,१५६ गावे तिच्या यादीत आली; त्यांत महाराष्ट्राची दोन हजारांवर. नोव्हेंबर २०१३ मध्ये खात्याने हुकूम काढला आणि केरळात हरताळ सुरू झाले. यादी खाण, दगडखाण, वाळूउपसा आणि मोठे प्रदूषण करणारे कारखाने यांच्यासाठी होती. शेती बंद करण्याची नव्हती. पण लोकांपर्यंत कागद आधी न जाता आवई आधी गेली. आता घर बांधता येणार नाही, नांगर धरता येणार नाही, असे माणसे बोलू लागली. यात ज्याला डोंगर फोडायचा होता त्याचे फावले, आणि ज्याचे झरे त्या डोंगरावर अवलंबून आहेत तोच अहवालाला शिव्या देऊ लागला.

बाईंवर अन्याय होऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगतो. ओडिशात नियमगिरी नावाचा डोंगर आहे. तो डोंगरिया कोंध लोकांचा देव, आणि त्याच्या पोटात बॉक्साइट. खाणीला परवानगी नाकारण्याचा निर्णय आधीच्या मंत्र्यांचा होता. बाईंच्या खात्याने तो सुप्रीम कोर्टात सोडला नाही. एप्रिल २०१३ मध्ये कोर्टाने सांगितले, ग्रामसभांना विचारा. जिल्हा न्यायाधीशांसमोर बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही गावांनी ‘नको’ म्हटले. जनुक बदललेल्या पिकांच्या शेतातल्या चाचण्यांनाही बाईंनी घाईने मोकळीक दिली नाही. कृषिमंत्री शरद पवार चाचण्यांच्या बाजूचे होते. कापसाचे बी आपण २००२ पासून पेरतो आहोत, तेव्हा या वादात कुणाचे बरोबर, यावर प्रत्येक घरात दोन मते निघतील. पण थांबून कारण विचारणे हेही मंत्र्याचे काम आहे.

डिसेंबर २०१३ मध्ये बाईंनी मंत्रिपद सोडले. जानेवारी २०१५ मध्ये पक्षही सोडला, आणि मंत्री असताना काही प्रकरणांत वरून सूचना येत होत्या असे जाहीर सांगितले. पक्षाने तो आरोप नाकारला. खरे-खोटे आपण ठरवू शकत नाही. एवढे मात्र दिसते, की बंद दाराआड चाललेल्या कामाची कैफियत पुढे कुणालाच धड देता येत नाही. ग्रामसभेत झालेल्या ठरावाला शंभर साक्षीदार असतात.

घाटाच्या गावांचा मसुदा जुलै २०२४ मध्ये सहाव्यांदा निघाला. अशा मसुद्यावर हरकती घेण्यास साठ दिवस मिळतात, आणि आपल्याकडे ते कणग्या हलवण्यात आणि लावणीत निघून जातात. म्हणून माझे सांगणे थोडके आहे. आपले गाव यादीत आहे का, ते सरपंचांना विचारा. असेल तर मसुद्याचा मराठी कागद मागा आणि ग्रामसभेत पहिल्या ओळीपासून वाचायला लावा. वाचणारी बाई असली तर उत्तमच. हल्ली आपल्या घरांतल्या मुली तालुक्याला, जिल्ह्याला कायदा शिकायला जातात. त्यांतली एखादी उद्या आमदार होईल, मंत्रीही होईल. सुट्टीत घरी आली की आतापासूनच तिला ओट्यावर बसवून सातबारा आणि फेरफार म्हातारीला समजेल अशा भाषेत वाचून दाखवायला सांगा. ती सवय लागली, तर उद्या दिल्लीतला कागदही ती पिशवीत घालून ठेवणार नाही.