माशांची मोहर

लखनौच्या चौकात गोल दरवाजातून शिरलं, की चिकनच्या दुकानांच्या जोडीला सराफांच्या पेढ्या लागतात. आपल्याकडे पुतळ्यांची माळ, तशी इथल्या एखाद्या जुन्या घरात मोहरांची माळ निघते. अडीअडचणीला ती मोडायला निघालेल्या गृहिणीने आधी मोहर नीट पाहावी. १८१९ मध्ये राजा झालेल्या गाजीउद्दीन हैदरच्या अशरफीवर दोन मासे असतात. वजन पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास. व्हिक्टोरिया राणीची गिनी आठ ग्रॅमला किंचित कमी, बावीस कॅरटची. अक्षरं पुसट, कडा बोथट असतील, तर ती सोनाराने दागिन्यासाठी पाडलेली नक्कलही असू शकते. सोनं तिच्यातही असतं. किती, ते कस लावल्यावरच कळतं. अस्सल मोहरेला कडी डागलेली दिसली, की संग्राहक भाव पाडतात. तरी वितळवण्याआधी ती नाण्यांच्या जाणकाराला दाखवावी, कारण सराफ बहुधा वजनाचेच पैसे मोजतो.