न चाखलेले पोहे

बारावीला गृहविज्ञान घेतलेलं. ट्रे कसा धरायचा, नॅपकीनची घडी कशी घालायची, सगळं शिकवलं. प्रॅक्टिकलला परीक्षक बाईंनी यादीतलं माझं आडनाव वाचलं आन् माझे पोहे न चाखताच मार्क मांडले. शेजारणीचे मात्र दोन घास खाल्ले.

दोस्तहो, कोल्हापुरात गंगाराम कांबळेंनी हॉटेल टाकलं, तर खुद्द शाहू महाराज तिथं चहा प्यायले. महाराज १९२२ला गेले. पाहुणचाराचा याहून मोठा धडा कोणता? पण आम्हाला घड्याच शिकवल्या.

२०१७ साली पुण्यात एका शिकलेल्या बाईनं, स्वयंपाकिणीनं जात लपवून सोवळं मोडलं म्हणत पोलिसांत तक्रार केली. स्वयंपाकीण मराठा होती. मंग आपलं काय?

भाची यंदा हाच विषय घेतीय. म्हणते, "मावशी, आपणबी हॉटेल टाकू. पाटीवर आडनाव मोठ्ठं लिहू."