कृत्रिम क्षितिज

क्षितिज ही निसर्गाने माणसाला फुकट दिलेली पाणसळ आहे. जमिनीवर वावरणाऱ्याला तिची गरज सहसा भासत नाही. पायाखालची भूमी आणि घराच्या भिंती त्याला पुरतात. आकाशात गेलेल्या माणसाला मात्र आपण सरळ आहोत की कलंडलेले, एवढे साधे ज्ञान होण्यासाठीही तिच्याकडे पाहावे लागते. ढगात शिरताच ती रेषा पुसली जाते आणि मग शरीर खोटे बोलू लागते. ते मुद्दाम बोलत नाही, हीच यातली अवघड गोष्ट. कानाच्या आत ज्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांतील द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला वळण कळते. पण वळण एकाच वेगाने चालू राहिले, की काही सेकंदांत तो द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि वळणाची जाणीव विरून जाते. वैमानिकाला वाटते, आपण सरळ चाललो आहोत. विमान मात्र एका पंखावर कलून, गोल जिना उतरावा तसे खाली निघालेले असते. उंची कमी होते आहे हे पाहून त्याने नाक वर ओढावे, तर ते वळण अधिकच आवळले जाते.

१९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात याची रीतसर परीक्षा घेतली गेली. उपकरणांवर विसंबून उडण्याचे शिक्षण न मिळालेल्या २० जणांना, बाहेरचे काही दिसू नये अशी व्यवस्था करून, विमान चालवायला दिले. वीसच्या वीस जणांच्या हातून विमानाचा ताबा सुटला. कुणाला २० सेकंद पुरली, कुणाला ४८०. सरासरी निघाली १७८ सेकंदांची. तीन मिनिटांना दोन सेकंद कमी. माणसाच्या स्वतःवरील विश्वासाचे आयुष्य ढगात एवढेच असते.

या विश्वासाला पर्याय शोधणाऱ्यांपैकी एक जेम्स डूलिटल. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर त्याने आपल्या बैठकीवर झाकण ओढून घेतले, आणि बाहेर एकदाही न पाहता विमान उडवले, फिरवले आणि पुन्हा धावपट्टीवर उतरवले. त्याच्यासमोर स्पेरी यांचे कृत्रिम क्षितिज होते, कोल्समन यांचा संवेदनशील उंचीमापक होता, आणि कानात रेडिओचा संकेत होता. दुसऱ्या बैठकीत एक सोबती होता. परंतु त्याला हात घालावा लागला नाही. त्या पंधरा मिनिटांत उड्डाणाची एक नवी नीती जन्माला आली. स्वतःच्या देहापेक्षा समोरच्या तबकडीवर अधिक विश्वास ठेवावा, ही ती नीती. ऐकायला सोपी, पाळायला कठीण.

ही तबकडी कारखान्याने बसवलेली असेल, तर विश्वास ठेवणे तसे सोपे. कुणी अनोळखी अभियंत्याने ती तपासलेली असते, कुठल्याशा अधिकाऱ्याने तिच्यावर शिक्का मारलेला असतो. पण ती ज्याने स्वतःच्या हाताने बसवली, त्याचे काय? अमेरिकेत घरी विमान बांधणाऱ्यांची एक मोठी बिरादरी आहे. १९५३ साली मिलवॉकी येथे पॉल पोबेरेझ्नी यांनी त्यांची संघटना स्थापली, आणि १९७० पासून विस्कॉन्सिनमधील ऑशकॉश या गावी तिचा वार्षिक मेळावा भरत आला आहे. ऑरेगन राज्यातील व्हॅन्स या कंपनीच्या सुट्या भागांच्या संचांतून ११ हजारांहून अधिक विमाने लोकांनी आपल्या गॅरेजांत आणि हँगरांत बांधून उडवली आहेत. कायद्याची अट एवढीच, की अर्ध्याहून अधिक काम हौशी माणसाने शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी स्वतः केलेले असावे. त्या बदल्यात तिथला कायदा त्याला एक दुर्मीळ स्वातंत्र्य देतो. कारखान्यातील विमानात एखादे उपकरण बदलायचे, तर त्या उपकरणालाही आणि ते बसवण्याच्या रीतीलाही शासकीय मान्यता लागते; या माणसाला ती लागत नाही. मात्र त्याच्या विमानावर ‘एक्स्परिमेंटल’ हा शब्द ठळक अक्षरांत लिहिलेला असतो, आणि हे विमान प्रमाणित विमानांचे सुरक्षानियम पाळत नाही, अशी सूचना प्रवाशाच्या डोळ्यांसमोर लावलेली असते. पत्नीला शेजारी बसवून निघालेला गृहस्थही त्या पाटीतून सुटत नाही.

असे विमान बांधायला पाच वर्षे लागतात, कधी दहा, कधी वीस. ज्याने ते तरुणपणी हाती घेतले, त्याचे केस पिकलेले असतात तेव्हा त्याच्यातील उपकरणेही जुनी झालेली असतात. त्या जुन्या फलकाची रचना बहुतेक ठरलेली. दोन ओळींत सहा गोल तबकड्या. वेग, कृत्रिम क्षितिज, उंची. खाली वळण, दिशा, चढउताराचा वेग. प्रत्येकीचे भोक ३⅛ इंचांचे. क्षितिजाच्या आणि दिशेच्या तबकडीमागे एकेक भोवरा असतो, आणि इंजिनाला जोडलेल्या पंपाने ओढलेल्या हवेच्या झोतावर तो मिनिटाला हजारो फेरे घेत असतो. फिरता भोवरा आपला अक्ष सोडत नाही, हे गल्लीतल्या पोराला ठाऊक असलेले सत्यच तिथे वैमानिकाचा प्राण राखते. उड्डाण संपवून इंजिन बंद केले, तरी ते भोवरे काही मिनिटे फिरत राहतात; त्यांची बारीक होत जाणारी घरघर शांत हँगरमध्ये ऐकू येते.

पण त्या पंपात कार्बनच्या पात्या असतात, आणि त्या एखाद्या दिवशी पूर्वसूचनेवाचून मोडतात. भोवरा मग एकदम थांबत नाही. तो मंदावत जातो, आणि त्याबरोबर तबकडीतील क्षितिज हळूहळू कलू लागते. इतके हळू, की वैमानिक त्याच्यामागोमाग विमानही कलवत जातो. उघड मेलेले उपकरण परवडते. सावकाश खोटे बोलत मरणारे उपकरण परवडत नाही. त्यातच १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेतील मोठ्या विमानतळांभोवतीच्या आकाशात शिरणाऱ्या विमानाने आपले स्थान दर सेकंदाला रेडिओने जाहीर करावे, असा नियम आला. एक नवे यंत्र बसवायला म्हणून पुष्कळांनी फलक उघडला, आणि उघडला तसा तो सबंधच नवा करायचे ठरवले.

हे काम बाहेरून दिसते त्याहून फार मोठे. फलकाच्या पुढच्या बाजूला शिस्त असते. मागच्या बाजूला इतिहास असतो. आसनावर उताणे पडून, पाय पाठीच्या टेकूवर टाकून, डोके फलकाखाली खुपसून बांधणारा विजेरीच्या उजेडात वर पाहतो, तेव्हा त्याला वीस वर्षांपूर्वीचा तोच भेटतो. स्वतःच्या अक्षरातील चिठ्ठ्या लावलेल्या वायरी. एकीवरची शाई उडालेली, एक कुठेच न जाणारी, एक वहीतल्या आराखड्यात नसलेली. ही का जोडली होती, हे आठवेपर्यंत ती कापता येत नाही. जुने काम उकलताना लागणारा वेळ नवे जोडण्यापेक्षा अधिक असतो, असा सगळ्यांचाच अनुभव.

मग तो पुठ्ठ्याचा फलक कापतो, कागदी उपकरणे त्यावर चिकटवतो आणि खुर्चीत बसून पाहतो. हात कुठवर पोहोचतो? उन्हात कोणता कोपरा चकाकतो? धक्क्याधक्क्यांच्या हवेत बोट नेमके कोणत्या बटणावर पडेल? प्रत्येकाचा फलक म्हणून निराळा. तो त्या माणसाच्या भीतीचा आणि सवयींचा नकाशा असतो. १९२७ साली अटलांटिक ओलांडणाऱ्या लिंडबर्गच्या विमानाला समोरची काचच नव्हती, तिथे इंधनाची टाकी होती; आणि डोक्यामागचा कंपास वाचता यावा म्हणून एका बाईच्या पर्समधला लहानसा आरसा फलकावर च्युइंगगमने चिकटवलेला होता. त्या आरशाला कुठल्याही खात्याची मान्यता नव्हती. तो योग्य जागी होता, एवढेच.

पुठ्ठ्यावरून ॲल्युमिनियमचा पत्रा कापला जातो. जाडी बहुधा ०.०६३ इंच. त्यानंतर येते वायरीचे काम, आणि खरी कसोटी तिथे लागते. घरगुती वायरीचे पीव्हीसीचे आवरण जळताना विषारी धूर सोडते, म्हणून इथे टेफझेलच्या आवरणाची वायर. शेकडो टोके, प्रत्येक टोकाला एक बारीक पिन, ती हत्याराने दाबून बसवायची, मग ओढून पाहायची, आणि मगच जोडणीत सारायची. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी कडे घालायचे. नाहीतर इंजिनाच्या कंपनाने वर्षानुवर्षे घासून धातू आवरण कापतो. ओढून न पाहिलेली पिन कुणालाच दिसत नाही. ती नंतर, शंभराव्या तासाला, रात्री, ढगात दिसते.

नव्या पडद्यामागे भोवरा नसतो. तिथे सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा सतत थरथरत असतो. विमान वळले, की त्या थरथरीला एक आडवा झोल येतो आणि त्यावरून वळण मोजले जाते. यामागचा परिणाम कोकणात सर्वांना ठाऊक आहे, नाव माहीत नसले तरी. आग्नेयेकडून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडताच उजवीकडे वळून नैऋत्येचे होतात आणि पाऊस घेऊन येतात, ते ज्या कोरिऑलिस परिणामामुळे, त्याच्याच जोरावर नखाएवढी चकती विमानाचे वळण ओळखते. मोटारींत आणि खिशातल्या फोनांतही तीच जातीची चकती असते, म्हणून ती स्वस्त झाली. आणि डायनॉन, गार्मिन यांच्यासारख्या कंपन्यांचे पडदे हौशी माणसाच्या आवाक्यात आले. मोडणारा पंप गेला. पण जुन्या फलकात हवेचा आणि विजेचा असे दोन निराळे झरे होते. आता सगळे एकाच विजेवर जगू लागले. तेव्हा दुसरी बॅटरी, दुसरा पडदा, दुसरा मार्ग, अशी सोय करणे बांधणाऱ्यालाच भाग पडते. एक भय मिटवताना दुसरे कुठे निर्माण झाले, याचा हिशेब ज्याला मांडता येतो, त्यानेच फलकाला हात लावावा.

आणि एवढे करून सुरक्षितता वाढते का? अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २०१० साली लहान विमानांच्या अपघातांची तुलना प्रसिद्ध केली. पडदे असलेल्या विमानांचे एकूण अपघात कमी प्रमाणात आढळले. प्राणघातक अपघात मात्र अधिक प्रमाणात. ही विमाने लांबच्या प्रवासाला, वाईट हवेत अधिक नेली जात होती, हे त्याचे एक कारण. दुसरे असे, की गोल तबकडीवरचा काटा वाचावा लागत नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे न थांबता पाहणाऱ्यालाही किती वाजले ते कळते, तसा काट्याचा कोनच बोलतो. पडद्यावरचा सरकणारा आकडा वाचावा लागतो, आणि घाबरलेल्या माणसाला वाचता येत नाही. मंडळाचा निष्कर्ष साधा होता: हे पडदे प्रत्येकाने स्वतंत्रपणे शिकले पाहिजेत.

१६ जुलै १९९९ च्या रात्री धाकटे जॉन केनेडी, त्यांची पत्नी आणि मेहुणी यांना घेऊन निघालेले विमान मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रात कोसळले. धुरकट हवा, खाली काळे पाणी, क्षितिज नाही. मंडळाला विमानात बिघाड सापडला नाही. वैमानिकाची दिशाभूल झाली, असे त्याने नोंदवले. त्यांच्यासमोर खरे सांगणारे क्षितिज होते. उपकरणाने खरे सांगणे आणि माणसाने ते मानणे, यांमधले अंतर कुठल्याही फलकाने भरून निघत नाही.

मराठी माणसाला हे सगळे परक्या मुलखातले वाटू नये. मुंबईच्या कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले, आणि २०१७ साली त्याची नोंदणी झाली. गच्चीवर असो वा ऑरेगनच्या हँगरमध्ये, प्रश्न तोच असतो: आपल्या हातच्या कामावर आपण आपला आणि आपल्या माणसांचा जीव सोपवायचा का?

काम पुरे झाले, की विमान पुन्हा तोलले जाते, कारण काढलेल्या-घातलेल्या वजनाने गुरुत्वमध्य हलतो. हवेच्या नळ्यांत गळती नाही ना, हे पाहिले जाते. चुंबकीय कंपास नव्याने जुळवला जातो. सगळे पडदे आले तरी तो आपल्या जागी राहतोच. मग नोंदवहीत बांधणारा केलेले बदल लिहितो आणि खाली स्वतःचे नाव लिहितो. पहिली उड्डाणे एकट्याने, स्वच्छ दिवशी. विमान डावीकडे कलवायचे आणि पाहायचे, पडद्यावरचे क्षितिज बाहेरच्या क्षितिजाबरोबर कलते का. उजवीकडे कलवायचे आणि पुन्हा पाहायचे. एकेक उपकरण मुद्दाम बंद करून उरलेल्यांवर निभते का, तेही पाहायचे. ज्या क्षितिजावर ढगात विसंबायचे, त्याची परीक्षा उघड्या आकाशातच घ्यावी लागते. तिथे चूक पोटात घालणारे खरे क्षितिज अजून समोर असते.